नाझचा 'इलमॅटिक' (१९९४): ऐकणाऱ्यांनी या, नाकं मुरडणाऱ्यांनीही या

गच्चीवरचा

संगीत विभागात किशोरीताई आहेत, मेहदी हसन आहेत, पिंक फ्लॉइडवरून तर दरवर्षी एकदा हाणामारी होते. हिप हॉप शोधलं तर 'हल्लीची पोरं काय ऐकतात देव जाणे' एवढी एकच तक्रार हाती लागली. तेव्हा हा धागा हिप हॉपच्या सुवर्णकाळातल्या एका अल्बमसाठी: नाझचा 'इलमॅटिक'.

आधी कुंडली. नाझ म्हणजे नासिर जोन्स, जन्म १९७३. शाळा आठवीत सुटली. १९ एप्रिल १९९४ ला कोलंबिया कंपनीनं हा त्याचा पहिला अल्बम काढला तेव्हा गडी वीस वर्षांचा. राहायला क्वीन्सब्रिज हाउसेसमध्ये. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, क्वीन्सबरो पुलाच्या पायथ्याशी १९३९ साली उभी राहिलेली ही सरकारी वसाहत: ९६ इमारती, तीन हजारांवर घरं, उत्तर अमेरिकेत याहून मोठी सरकारी घरवसाहत नाही. ८० च्या दशकात क्रॅक कोकेनच्या नशेनं ती आतून पोखरली. पण मार्ली मार्ल, एमसी शॅन, रोक्सॅन शांते ही मंडळीही तिथलीच, म्हणजे हिप हॉप या पोराला जिन्यातच भेटलं. वडील ओलू दारा हे जॅझमधले कॉर्नेटवादक, त्यामुळे घरात वेगळंच काहीतरी वाजत असायचं.

१९९१ साली 'मेन सोर्स' या गटाच्या 'लाइव्ह ॲट द बार्बेक्यू'मध्ये त्यानं एक कडवं म्हटलं आणि जाणकारांत 'हा कोण?' सुरू झालं. तरीही डेफ जॅम कंपनीच्या रसेल सिमन्सनं त्याला परत पाठवलं. हा कूल जी रॅप या जुन्या रॅपरसारखा वाटतो, खपणार नाही, असा हिशेब. शेवटी एमसी सर्च या रॅपरनं डेमो कोलंबियातल्या फेथ न्यूमनकडे नेला. तिनं करार केल्याशिवाय सोडलं नाही.

आता माझं म्हणणं. रॅप हा मुळात फुशारकीचा खेळ. नाझही फुशारकी मारतो, चांगली सढळ हातानं मारतो. पण हा अल्बम तीस वर्षं टिकला तो त्याच्या डोळ्यांमुळे. 'एन वाय स्टेट ऑफ माइंड'चं पहिलं कडवं ऐका. गोळीबार चाललाय, बोलणारा स्वतः त्यात आहे, ऐन वेळी त्याची बंदूक अडकते. तो पळत एका इमारतीच्या तळमजल्यावर शिरतो, आणि ती जागा लहान मुलांनी भरलेली. एवढ्या धावपळीत त्याच्या मनात काय येतं, तर आपण ज्या उंचीवर आहोत तिथवर या पोरांची नजर पोचत नसेल. दुसरा कोणी असता तर आपण किती जण लोळवले ते सांगत बसला असता. इथे गोष्ट त्या मुलांपाशी येऊन अडखळते आणि लगेच पुढे निघून जाते. तो तिथे रडत नाही, आपल्यालाही रडू देत नाही.

या गाण्याची सुरुवातही बघा. नाझ पुटपुटतो की हे सुरू कसं करायचं तेच कळत नाहीये, आणि पुढच्या ठेक्याला सुटतो. गाण्याची बीट करणाऱ्या डीजे प्रीमियरनं सांगितलंय की ते पुटपुटणं खरंच होतं आणि पहिलं कडवं एका दमात झालं. त्यानं ते कापलं नाही, हे त्याचे उपकार.

दहा पट्ट्या, त्यातली पहिली नुसती नांदी, सगळं मिळून चाळीस मिनिटं. पाहुणा रॅपर एकच, एझी. तुमचं आवडतं गाणं कोणतं आणि का, ते लिहा. 'भारी', 'कडक', 'आग' एवढंच लिहिणाऱ्यांना चहा मिळणार नाही.

मिरजमळा

भारी. कडक. आग.
(चहा नको, कॉफी चालेल.)

तिरकीट

धागा बघून आनंद झाला. मी तबला शिकवतो. हा अल्बम पुतण्यानं ऐकवला आणि मग मीच त्याला सोडेना. मला इंग्रजी बोलीतले निम्मे शब्द आजही कळत नाहीत, म्हणून माझं लिहिणं लयीपुरतं धरा.

चार मात्रांचं आवर्तन, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअरचा आघात. याच्या आधीच्या पिढीतले बरेच जण वाक्य आवर्तनाच्या शेवटी संपवायचे आणि यमकही तिथेच बसवायचे. आवर्तन संपलं, यमक आलं, टाळी. ऐकायला मजा येते, पण दोन गाण्यांनंतर पुढचं आधीच कळायला लागतं. १९८७ मध्ये रकीम या रॅपरनं ते मोडलं. तो सॅक्सोफोन वाजवायचा, आणि त्याचं वाक्य फुंकेसारखं आवर्तनाची रेघ ओलांडून जातं, यमकं मधल्या मात्रांवर पडतात. नाझ त्याच्या पुढे गेला. 'एन वाय स्टेट ऑफ माइंड'मध्ये चार-पाच अक्षरी यमकांची साखळी कधी दीड मात्रेवर सुरू होते, कधी अडीचवर. समेवर तो हटकून येतोच असं नाही. येतो तेव्हा मात्र कळतं की हा मघापासून मोजत होता.

दुसरी गोष्ट श्वासाची. पहिलं कडवं इतकं लांब आहे की ऐकताना माझा दम लागतो, त्याचा नाही. श्वास घेतलेले ऐकू येतात, पण ते वाक्याच्या अर्थाला धक्का लागणार नाही अशा जागी घेतलेत. हे शिकवून येत नाही. येत असतं तर माझ्या क्लासमधली पोरं कुठल्या कुठे गेली असती.

खडूस_काका

दोनदा ऐकलं. प्रामाणिक मत: शब्द जाऊ द्या, ते मला समजत नाहीत, पण संगीत कुठे आहे? दुसऱ्याच्या रेकॉर्डचा दोन सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि तोच चार मिनिटं फिरवायचा. अहमद जमाल यांनी पियानो वाजवायचा, मायकल जॅक्सननं गायचं आणि नाव यांचं. याला आमच्या वेळी चोरी म्हणत.

गच्चीवरचा

काका आले म्हणजे धागा जिवंत राहणार! बसा, बसा.

डेसिबेल

काका, मी ध्वनिमुद्रणात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'द वर्ल्ड इज युअर्स'ची बीट पीट रॉकची. तुम्ही म्हणता तो पियानो अहमद जमाल त्रिकुटाच्या 'आय लव्ह म्युझिक'मधला, १९७० च्या 'द अवेकनिंग' या रेकॉर्डवरचा. मूळ वादन आवर्जून ऐका. जमाल सैलावून, थांबत थांबत वाजवतायत, त्या लांब प्रवासात हा तुकडा येतो आणि जातो. त्यावर मान डोलवता येईल असं त्यात काही नाही. पीट रॉकनं तो उचलला आणि खाली ढोल असे बसवले की तीच बोटं आता चालायला लागली. धृपदातला आवाजही पीट रॉकचाच आहे, गायक नाही तो, आणि थोडा कच्चा आहे म्हणूनच गोड लागतो.

यंत्राची गोष्ट सांगते. पीट रॉकचं आवडतं यंत्र एसपी-१२००, रेकॉर्डचे तुकडे साठवून वाजवणारं. त्यात सगळे तुकडे मिळून जेमतेम दहा सेकंद मावायचे आणि एका तुकड्याला अडीच सेकंदांची मर्यादा. मग ही मंडळी युक्ती करायची: रेकॉर्ड जास्त वेगानं फिरवून तुकडा आत घ्यायचा, म्हणजे तो कमी जागेत बसतो, आणि यंत्रात परत खाली ओढायचा. त्या ओढाताणीत आवाजाला एक खरखर येते, वरचा चकचकीतपणा जातो. ९० च्या दशकातला न्यूयॉर्कचा जो 'धुळकट' आवाज सगळ्यांना आवडतो, त्यात या यंत्राच्या तोकडेपणाचा मोठा वाटा आहे. आज लोक पैसे देऊन तसली खरखर विकत घेतात.

चोरीबद्दल: १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरवर गायक गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्यावरून खटला झाला. न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिल्यावर कंपन्या भानावर आल्या. परवानगी घ्या, नाव द्या, पैसे द्या. 'इलमॅटिक' हा त्यानंतरचा अल्बम. त्यामुळे 'इट एन्ट हार्ड टू टेल'मध्ये मायकल जॅक्सनचं 'ह्यूमन नेचर' वाजतं ते लपूनछपून नाही.

आणि चार मिनिटं तोच तुकडा म्हणाल तर तंबोराही तोच वाजतो की हो.

खडूस_काका

तंबोऱ्याचं नाव मध्ये आणू नका. बाकी 'द अवेकनिंग' ऐकलं. उत्तम आहे. त्याबद्दल आभार.

पुलापलीकडे

मी क्वीन्समध्येच राहतो, म्हणून थोडा भूगोल. जॅक्सन हाइट्सला चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आपली सगळी दुकानं आहेत, तिथून मेट्रोनं दहा-पंधरा मिनिटांत क्वीन्सब्रिजचं स्टेशन येतं. बाहेर पडलं की समोर सहा मजली विटांच्या इमारती, वरून पाहिलं तर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या, एकमेकींना जोडलेल्या. पलीकडे नदीकाठी बाग आणि नदीपार मॅनहॅटनचे मनोरे. आता वसाहतीच्या मागे लाँग आयलंड सिटीत काचेच्या इमारती उगवल्यात, त्यांची भाडी ऐकून तुम्ही अल्बम बंद करून झोपाल.

जुन्या रेकॉर्डवर आणि कॅसेटवर 'पहिली बाजू', 'दुसरी बाजू' असं लिहिलेलं नाही. 'फॉर्टिएथ साइड नॉर्थ' आणि 'फॉर्टीफर्स्ट साइड साउथ' असं आहे. वसाहतीचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग, आणि ४० व ४१ नंबरचे रस्ते. कॅसेट उलटवली की तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या पोरांत जाता.

इथे राहून एक लक्षात आलं. पुलाचा आवाज सतत असतो, वरून वाहनं जात असतात. नांदीला, म्हणजे 'द जेनेसिस'ला, आगगाडीचा खडखडाट आहे, त्याखाली 'वाइल्ड स्टाइल' या जुन्या हिप हॉप चित्रपटातले संवाद आणि त्याच्याही खाली नाझचं ते १९९१ चं कडवं, रस्त्यावरच्या कुणाच्या तरी टेपवर लागल्यासारखं. माझ्या एका मित्राला ही नांदी कंटाळवाणी वाटते, तो सरळ दुसऱ्या पट्टीवर जातो. मला ती सोडवत नाही.

केतकी_उ

सगळे कौतुक करतायत तर मी जरा मीठ घालते. अल्बम मलाही आवडतो, पण यात बाई कुठे आहे? एका गाण्याच्या नावातच शिवी आहे, ती आयुष्याला दिलीय म्हणून आपण सोडून देतो. बाकी बायका येतात त्या कुणाची तरी मैत्रीण, कुणाची आई, किंवा गोळीबारात किंचाळणारा आवाज. ज्या पोराला तळमजल्यावरच्या मुलांची उंची दिसली, त्याला एकाही मुलीचं नाव सुचू नये? याच क्वीन्सब्रिजमधून रोक्सॅन शांते चौदा वर्षांची असताना १९८४ मध्ये 'रोक्सॅन्स रिव्हेंज' म्हणून बाहेर पडली होती. म्हणजे त्या जिन्यात मुलींचा आवाज होता.

गच्चीवरचा

मान्य. यावर माझ्याकडे बचाव नाही आणि शोधतही नाही. एवढंच म्हणेन की 'वन लव्ह'मध्ये तुरुंगातल्या मित्राला लिहिताना तो त्याच्या आईची विचारपूस सांगतो, बायको पत्र का लिहीत नाही ते विचारतो. पण तिथेही त्या दोघी बातमीतल्याच.

केतकी_उ

हो, आणि गंमत म्हणजे माझं सर्वांत आवडतं गाणं 'वन लव्ह'च आहे. पत्रच आहे ते अख्खं. तुला मुलगा झाला, तुझ्यासारखा दिसतो म्हणे, अशी सुरुवात. मग कोण कुणाला भेटलं, कोण फितूर झालं, कुणाला मारलं, गावाकडून यावं तशा बातम्या. तिसऱ्या कडव्यात पत्र संपतं आणि तो बाहेर बाकावर बसलेला असतो, शेजारी बारा वर्षांचा पोरगा येतो. त्या पोराचं हसणं, बोलणं सगळं निबर झालेलं. मोठ्यानं उपदेश करायची जागा आयती चालून आलीय, आणि नाझ काय सांगतो, तर कुणाच्या नादी लागू नकोस, गोळी सुटली की शांत राहणाराच मरतो. बंदूक टाक असं म्हणत नाही, कारण पोरगा ऐकणार नाही हे त्याला ठाऊक आहे. मी शिक्षिका आहे. त्या वयाच्या मुलाशी काय बोलता येतं आणि काय येत नाही, हे वीस वर्षांच्या माणसाला इतकं नेमकं कळलेलं मी फार कमी पाहिलंय.

डेसिबेल

केतकीताई, त्या गाण्यातला टिणटिण आवाज हीथ बंधूंच्या 'स्मायलिन बिली स्वीट'मधला आहे. अंगठ्यांनी वाजवायचं आफ्रिकी वाद्य, एंबिरा. बीट क्यू-टिपची, 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'वाला. भावांपैकी जिमी हीथ तेव्हा क्वीन्स कॉलेजातच शिकवत होते. म्हणजे तुरुंगात निघालेल्या पत्राखाली वाजणारं वाद्यही तसं शेजारचंच.

रेकॉर्डवेडा

या अल्बमची एक गोष्ट फार कुणी बोलत नाही. त्याआधी बहुतेक मोठे हिप हॉप अल्बम एका गटाचे किंवा एका बीटवाल्याचे असायचे. रकीमबरोबर एरिक बी, गँग स्टारमध्ये प्रीमियर, वू-टँगमध्ये रिझा. इथे लार्ज प्रोफेसर, प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप आणि एल.ई.एस. असे पाच जण एका नवख्या पोरासाठी जमले. तरी अल्बम कडबोळं झाला नाही. पुढे सगळ्यांनी ही रीत उचलली आणि बहुतेकांचं कडबोळं झालं, हा भाग निराळा.

विक्रीचं म्हणाल तर सुरुवातीला फार नव्हती. बिलबोर्डच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला, गोल्ड व्हायला १९९६ उजाडलं आणि प्लॅटिनमला २००१. 'द सोर्स' मासिकानं मात्र पाचपैकी पाच माइक दिले होते. पदार्पणाच्या अल्बमला असे गुण म्हणजे तेव्हा चर्चेचा विषय. दुसरीकडे बाजारात यायच्या आधीच चोरट्या कॅसेटी शहरभर फिरत होत्या. एमसी सर्चनं तर एका गॅरेजात अशा हजारो प्रती सापडल्याचं सांगितलंय.

अकोलेकर

एक शंका. याला सुवर्णकाळातला अल्बम कसं म्हणायचं? सुवर्णकाळ म्हणजे साधारण १९८६ ते १९९३. पब्लिक एनिमी, रकीम, डे ला सोल वगैरे. १९९४ पर्यंत वेस्ट कोस्टचा, म्हणजे लॉस एंजेलिसकडच्या रॅपचा जमाना आला होता. डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' १९९२ च्या डिसेंबरात, स्नूपचा 'डॉगीस्टाइल' १९९३ च्या नोव्हेंबरात. गाड्यांमध्ये तेच वाजत होतं.

रेकॉर्डवेडा

तारखा तुमच्या बरोबर, पण 'हाफटाइम' १९९२ चं आहे हे विसरू नका. 'झेब्राहेड' चित्रपटाच्या गाण्यांत आलं, तेव्हा तो 'नॅस्टी नाझ' म्हणवायचा. अल्बमचा बराच भाग त्या काळातच शिजला. शिवाय वेस्ट कोस्ट जोरात होती म्हणूनच न्यूयॉर्कवाले पेटून उठले होते. वू-टँगचा पहिला अल्बम नोव्हेंबर १९९३, 'इलमॅटिक' एप्रिल १९९४, बिगीचा 'रेडी टू डाय' सप्टेंबर १९९४. दहा महिन्यांत तीन पदार्पणं! तुम्ही त्याला सुवर्णकाळाची शेवटची घटका म्हणा, मी माध्यान्ह म्हणतो. जेवायला दोघंही एकाच वेळी बसू.

मिरजमळा

बिगीवरून आठवलं. लहान मुलाचा फोटो मुखपृष्ठावर टाकायची कल्पना नाझनं बिगीकडूनच घेतली ना?

रेकॉर्डवेडा

वरच्याच प्रतिसादात तारखा आहेत की राव! नाझ पाच महिने आधी. वाद झाला तो उलट दिशेनं. वू-टँगमधल्या रेक्वॉनच्या १९९५ च्या अल्बमवर मुखपृष्ठाची नक्कल करणाऱ्यांना टोमणे आहेत आणि सगळ्यांना कळलं होतं ते कुणाला आहेत.

मिरजमळा

घ्या, म्हणजे मला कॉफीपण नाही.

पुलापलीकडे

मुखपृष्ठावरचा मुलगा नाझच, सात वर्षांचा, वडिलांनी काढलेला फोटो. त्याच्या चेहऱ्याच्या आरपार वसाहतीचा रस्ता दिसतो. पण मला आतली छायाचित्रं जास्त धरून ठेवतात, डॅनी क्लिंचनं काढलेली. वसाहतीतली पोरं घोळका करून उभी आहेत. २०१४ मध्ये या अल्बमवर 'टाइम इज इलमॅटिक' नावाचा माहितीपट आला. त्यात नाझचा भाऊ जबारी, ज्याला सगळे जंगल म्हणतात, तो फोटो हातात घेऊन एकेकावर बोट ठेवतो आणि कुणाचं पुढे काय झालं ते सांगतो. कोण तुरुंगात, किती वर्षांसाठी. आवाज अगदी साधा, वर्गातली हजेरी घ्यावी तसा. जंगललाही १९९२ च्या मे महिन्यात गोळी लागली होती. तो वाचला. त्याच रात्री नाझचा जिवलग मित्र विली ग्रॅहम, इल विल, मारला गेला. विलच्या घरी टर्नटेबल होतं, दोघं तिथे सराव करायचे.

गच्चीवरचा

हे माहीत झाल्यावर 'मेमरी लेन' वेगळंच ऐकू येतं. रुबेन विल्सनच्या ऑर्गनचा तुकडा आणि त्यावर गेलेल्यांची नावं. आमच्याकडे श्राद्धाला जशी एकेक पिढी उच्चारतात, तसा तो नावं घेतो, न थांबता.

हुडी_ऐरोली

दादा लोक, मी इथे नवीन. मी रॅप लिहितो, मराठी-हिंदी मिक्स. खरं सांगतो, 'इलमॅटिक'पर्यंत मी उलटा चालत आलो. २०१९ ला 'गल्ली बॉय' बघितला, शेवटी श्रेयनामावलीत कार्यकारी निर्माता म्हणून नाझचं नाव! हा कोण म्हणून शोधलं. त्याच चित्रपटाच्या गाण्यांत 'एनवाय से मुंबई' आहे, नाझ, डिव्हाइन, नेझी आणि रणवीर सिंग. मग त्याच वर्षी नाझच्या मास अपील कंपनीनं भारतात शाखा काढली आणि पहिला करार डिव्हाइनशी केला, 'कोहिनूर' तिथूनच आला. म्हणजे अंधेरीच्या जेबी नगरचा माणूस आणि क्वीन्सब्रिजचा माणूस एका कंपनीत. आम्हा पोरांना ते केवढं वाटलं होतं सांगता येत नाही.

पण 'इलमॅटिक'नं मला लिहायला वेगळं शिकवलं. आधी मी सगळीकडे 'मी असा, मी तसा' लिहायचो. माझ्या इमारतीत लिफ्ट नेहमी बंद, खाली इस्त्रीवाला बसतो, त्याचा रेडिओ चालू असतो. यातलं काही गाण्यात आणायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. आता आणतो. मित्र म्हणतात यात 'फ्लेक्स' कुठे आहे, म्हणजे शायनिंग. मी म्हणतो थांबा जरा.

तिरकीट

शाब्बास. एखादं कडवं इथे टाका.

हुडी_ऐरोली

नको सर, अजून कच्चं आहे. मराठीत जास्त अडतं. वाक्याच्या शेवटी 'आहे', 'होतं' येतं, सगळी यमकं तिथेच जाऊन पडतात. आमच्यात स्वदेसी गटाचा एमसी मवाली मराठीत छान करतो. 'द वारली रिव्होल्ट' ऐका, आरेच्या जंगलावर आहे.

तिरकीट

मग शेवटावर यमक ठेवूच नका ना! क्रियापद उचलून मध्ये टाका. बोलताना आपण तसंच बोलतो: 'गेला तो, बघत राहिलो मी.' वर लिहिलंय तेच, समेची वाट बघत बसू नका.

हुडी_ऐरोली

हे लिहून ठेवतोय सर 🙏

अकोलेकर

कौतुक पुरे झालं. सर्वांत कमजोर गाणं कोणतं? माझं मत: 'वन टाइम फॉर युवर माइंड'. बाकी नऊ पट्ट्यांच्या मानानं हे दुपारच्या झोपेतलं.

डेसिबेल

सहमत. मात्र ते नसतं तर 'वन लव्ह'नंतर लगेच 'रिप्रेझेंट'चा ऑर्गन अंगावर आला असता. तो तुकडा 'द थीफ ऑफ बगदाद' या मूकपटासाठी ली अर्विन यांनी वाजवलेल्या ऑर्गनचा आहे, ऐकून बघा, भुताच्या सिनेमात शोभेल. मधे थोडी सुस्ती हवीच होती.

केतकी_उ

असहमत. मला ते आवडतं. घरात आळसावून पडलेला नाझ फक्त तिथेच भेटतो.

खडूस_काका

मी परत आलोय. 'लाइफ्स अ बिच'च्या शेवटी जे कॉर्नेट वाजतं ते याच्या वडिलांचं असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का? कारण तो तुकडा कापलेला वाटत नाही, प्रत्यक्ष वाजवलेला वाटतो.

गच्चीवरचा

खरं आहे काका. ओलू दारा स्वतः. गाणं गॅप बँडच्या एका जुन्या तुकड्यावर उभं आहे. एझीचं पहिलं कडवं म्हणजे त्याचं कॅसेटवरचं पदार्पण, आणि अनेकांच्या मते अल्बममधलं सर्वांत चांगलं कडवं पाहुण्याचंच आहे. तो म्हणतो आज आहे, उद्या नाही, तेव्हा उडवा. मग नाझ येतो, विसाव्या वाढदिवसाची सकाळ, जिवंत आहोत याचंच अप्रूप. आणि ते दोघं थांबले की वडील वाजवायला लागतात. शब्द नाहीत. काय वाजवतायत, मुलाला पटतंय की मुलाची समजूत घालतायत, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

खडूस_काका

समजूत घालतायत. मला दोन मुलगे आहेत. आवाज हळूहळू दूर नेलाय, तो मुद्दाम केलाय का डेसिबेल?

डेसिबेल

हो काका, त्याला फेड म्हणतात. मला तर राग येतो, अजून मिनिटभर वाजवू द्यायला हवं होतं.

खडूस_काका

अगदी. या माणसाची स्वतःची रेकॉर्ड आहे का?

रेकॉर्डवेडा

आहे. ओलू दारा, 'इन द वर्ल्ड: फ्रॉम नॅचेझ टू न्यूयॉर्क', १९९८. नॅचेझ हे मिसिसिपीतलं त्यांचं गाव. त्यात गिटार आहे, गाणंही त्यांचंच आहे, आणि एका गाण्यात नाझ पाहुणा आहे. या वेळी मुलगा बापाच्या घरी.

आणि ज्यांना 'इलमॅटिक' पाठ झालाय त्यांनी २०१४ ची 'एक्सएक्स' आवृत्ती शोधा. तिच्यात २८ ऑक्टोबर १९९३ ची एक ध्वनिफीत आहे, कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआर रेडिओवर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबितोच्या रात्रीच्या कार्यक्रमातली. अल्बम यायला अजून सहा महिने होते. मित्रांच्या गोतावळ्यात आहे, हसणं-खिदळणं चालू आहे.

मिरजमळा

हे ऐकून उद्या खरा प्रतिसाद लिहितो. कॉफी तयार ठेवा.